फोनवर हो म्हणाले, अंकात मात्र कथाच नाही!

"ताई, मी मिरजेची, शाळेत शिकवते. गेल्या मे महिन्यात तीन कथा तीन दिवाळी अंकांना पाठवल्या. सगळ्यात जीव ओतून लिहिलेली पंधरा दिवसांत साभार परत आली. दुसरी पाच हजार शब्दांची, ती संपादकांनी फोन करून घेतली, 'छान आहे, घेतोय' म्हणाले, मी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं, अंक विकत आणला तर त्यात मी नाहीच. आता ते फोन उचलत नाहीत. आणि तिसरी, जी मी उगाच आहे म्हणून पाठवली होती, ती छापून आली आणि लोकांचे फोन अजून येतायत. त्यात आता एका 'प्रातिनिधिक कथासंग्रहा'चं आमंत्रण आलंय, सहभाग शुल्क 1500 रुपये. मला काही कळेनासं झालंय. माझ्या कथा वाईट आहेत की इथे वशिला लागतो? राहिलेली कथा फेसबुकवर टाकून देऊ का? आणि पुरुषाचं टोपणनाव घेतलं तर फरक पडेल का? मला अरेतुरेच करा. – मिरजकर"

मिरजकर, एक परत, एक गायब, एक छापून, याला दिवाळी अंकांच्या दुनियेत बऱ्यापैकी चांगलं वर्ष म्हणतात. थट्टा करत नाहीये. तिन्ही परत आलेले आणि तिन्हींचं काहीच न कळलेले लोक मला रोज लिहितात.

मी एका अंकाच्या संपादनात बरीच वर्षं हातभार लावलाय, आलेल्या कथा वाचायच्या, बाजूला काढायच्या, लेखकांना कळवायचं, प्रुफं बघायची, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने तुझी कथा कशी दिसते ते सांगते, म्हणजे राग कुठे काढायचा आणि कुठे नाही ते तुझं तुला कळेल.

आधी त्या गायब कथेचं. सप्टेंबरच्या शेवटी काय चालतं ते ऐक. अंक छापला जातो फर्म्यात, सोळा पानांचा एक फर्मा, फार तर अर्धा. म्हणजे 'चला दोन पानं वाढवू' असं नसतं, वाढवायचं तर आठ नाहीतर सोळा, मग कागद वाढला, बाइंडिंग वाढलं, अंकाचं वजन वाढलं की पोस्टेज वाढलं. सगळी पानं लागलेली असतात, अनुक्रमणिका झालेली असते, डीटीपीवाला वैतागून घरी गेलेला असतो आणि कुठल्यातरी पतसंस्थेची नाहीतर बिल्डरची चार पानं रंगीत जाहिरात येते. ती नाकारायची कोणाची टाप नाही, कारण वाचक अंकाची जी किंमत देतो त्यातून विक्रेत्याचं कमिशन वजा केलं की कागदाचेसुद्धा पैसे धड निघत नाहीत, अंक उभा असतो तो जाहिरातींवर. मग कात्री कुठे चालवायची? मोठ्या लेखकाला हात लावता येत नाही, त्यांचं नाव मुखपृष्ठावर गेलेलं असतं. कविता काढून किती पानं वाचणार. राशिभविष्य काढलं तर वाचक घरी येऊन मारतील. मग सगळ्यांची नजर जाते नव्या लेखकाच्या दहा-अकरा पानी कथेवर, ती उचलली की जाहिरात बसते आणि उरलेल्या पानांत आधी काढून ठेवलेला एखादा लेख परत आत येतो. पाच मिनिटांत होतं हे, उभ्याउभ्या. त्या पाच मिनिटांत तुझी कथा कोणी परत वाचलेली नसते, फक्त तिची पानं मोजलेली असतात.

फोन न उचलणं मात्र चूकच, त्याला फर्मा जबाबदार नाही. एक मेसेज टाकायला काय जात होतं? पण होतं असं की बहुतेक अंकांना पूर्णवेळ संपादक नसतोच, कोणी प्राध्यापक असतात, कोणी बँकेतून रिटायर झालेले असतात, कोणी स्वतःच प्रकाशक, संपादक आणि जाहिरातवाले, आणि नाही म्हणायची लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसतो. हे समर्थन नाही, फक्त असं असतं.

त्यात तारखांचा घोळ. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला. म्हणजे अकरा दिवस आधी. संपादक मंडळींची मागवण्याची सवय मात्र तीच, एप्रिल-मेपासून, आणि गणपतीच्या आसपास सगळं प्रेसला. दिवाळी लवकर आली की या सगळ्याचा कुटाणा होतो आणि शेवटच्या आठवड्यात निर्णय घाईघाईत होतात. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी 8 नोव्हेंबरला, त्या वर्षी सगळ्यांना जरा श्वास मिळेल. हसू नकोस, अधिक महिना बघून कथा पाठवायची वेळ ठरवणारे लेखक मी पाहिलेत आणि ते वेडे नव्हते.

आता परत आलेली. पंधरा दिवसांत परत आली म्हणजे कोणीतरी ती वाचली आणि कोणीतरी उत्तर द्यायची तसदी घेतली, हे नशीब समज. का परत आली हे मी कथा न वाचता सांगू शकत नाही, पण कारणं कशी असतात ते सांगते. अंकाचा बराचसा भाग निमंत्रित लेखकांचा असतो, आपणहून आलेल्या कथांना जागा थोडीच. त्यातल्या त्यात विषयांची टक्कर होते, मुलगा अमेरिकेत आणि आईबाप इथे एकटे, ही कथा दर वर्षी इतक्या जणांकडून येते की त्यातली एक घेतली की बाकीच्या चांगल्या असल्या तरी जातात. 2020 नंतर लॉकडाऊनच्या कथांचं तेच झालं होतं. अंक विषय ठरवून काढलेला असेल तर तुझी कथा त्यात कुठेच बसत नाही असंही असतं, म्हणून पाठवायच्या आधी त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं वाचनालयात बसून चाळ. रहस्यकथांच्या 'धनंजय'ला घरातल्या घुसमटीची संथ कथा पाठवून 'साभार परत का' असं विचारणारे लोक आहेत गं. विनोदाच्या 'आवाज'ला शोकांतिका पाठवणारेही.

पण खोटा धीर देणार नाही. 'जीव ओतून' हे शब्द वाचले की माझ्यातली संपादक जरा सावध होते. जीव ओतलेल्या कथेत लेखकाला एकही वाक्य कापवत नाही, आणि आमच्या टेबलावर यायच्या त्या अशा कथांत गोष्ट सुरू व्हायची तिसऱ्या पानावर, त्याच्या आधी पाऊस, अंगण, आजीचा स्वभाव, घराचा इतिहास. वाचणारा रात्री दहाला जेवून बसलेला असतो, समोर ढीग असतो, दीड पान वाचून तो ठरवतो पुढे जायचं की नाही. तर ती कथा काढ आणि पहिली दोन पानं झाकून तिसऱ्यापासून वाच. काही अडलं नाही तर तुला कळलंच काय करायचं ते.

एके काळी हे संपादक स्वतः सांगायचे. 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाला पानंच्या पानं पत्रं लिहायचे, इथे घसरलीय, इथे पात्र खोटं वाटतं, पुन्हा लिहून पाठवा, आणि लोक दोन-दोन, तीन-तीन खर्डे करून पाठवायचे. 'सत्यकथा' 1982 ला बंद पडलं. आता असं पत्र यायची वाट बघू नकोस, त्याऐवजी तुझ्या ओळखीत एक तरी कठोर वाचक गाठ, नातेवाईक सोडून.

तिसरी का लागली? तू लांबी लिहिली नाहीस पण मी पैज लावते, ती लहान असणार आणि त्यात कुठेतरी हसू असणार. गंभीर, लांब, दुःखी कथांचा आमच्याकडे पूर यायचा आणि पाच पानांची, नीट संपणारी, वाचून माणूस हसेल अशी कथा शोधावी लागायची. दोन जड लेखांच्या मध्ये ठेवायला संपादकाला तेच हवं असतं. आपली कुठली कथा चालेल याचा अंदाज लेखकाला सगळ्यात शेवटी येतो, मोठमोठ्यांचंही हेच, तेव्हा 'उगाच पाठवली' असं पुन्हा म्हणू नकोस, वाचकांनी फोन केलेत तिच्यासाठी. आणि ते फोन अजून महिनोन्महिने येतील, कारण वाचनालयांत वर्गणी भरून अंक फिरत असतात, पुण्यातल्या माणसाने दिवाळीत वाचलेला अंक चिपळूणच्या आजींच्या हातात होळीला पडतो. एक मात्र कर, पुढच्या वेळी कथेखाली मोबाइल नंबर न देता ईमेल छापायला सांग. बायकांना रात्री साडेदहाला 'कथेवर चर्चा करायची होती' असले फोन येतात आणि त्यातले सगळेच काही चर्चेसाठी नसतात.

वशिल्याचं विचारलंस. वशिला म्हणशील तर ओळख लागते का, हो, काही ठिकाणी लागते. ज्याचं नाव माहितीये, ज्याचं लिखाण वेळेत आणि स्वच्छ येतं हे माहितीये त्याला संपादक आधी फोन करतो, यात कट-कारस्थान कमी आणि आळस जास्त. पण कंपू असतात हेही खोटं नाही आणि हे आजचं नाही. 1969 मध्ये स्वतःची छोटी, प्रस्थापितांविरुद्धची मासिकं काढणाऱ्या लघुनियतकालिकवाल्या पोरांनी मुंबईत 'सत्यकथे'चा अंक जाळला होता, त्यामागे कारणं बरीच होती पण ठरावीक दारं ठरावीक लोकांनाच उघडतात हा राग त्यात होताच. नुसतं जाळून ते थांबले नाहीत, चक्रमुद्रित (म्हणजे सायक्लोस्टाइल) करून आपापली अनियतकालिकं काढली आणि त्यातली नावं आज अभ्यासक्रमात आहेत. तुझा प्रश्न इतका मोठा नाहीये गं, तुला एका अंकात ओळख झालीच आहे. ज्यांनी छापली त्यांनाच पुढची कथा आधी दाखव, लोक नेमकं हेच विसरतात, छापून आलं की लगेच 'मोठ्या' अंकामागे धावतात.

आता लागलीच करायचं काम. गायब कथेच्या संपादकांना फोन करणं बंद कर. मेल टाक, रडगाणं नको, टोमणा तर नकोच. असं लिही: "नमस्कार सर, आपण जुलैमध्ये फोनवर स्वीकारल्याचं कळवलेली माझी कथा या अंकात दिसली नाही. ती आपण पुढील अंकासाठी राखून ठेवली आहे का, हे कळवावं. येत्या 15 दिवसांत आपलं उत्तर आलं नाही तर कथा परत घेतली असं समजून मी ती अन्यत्र पाठवेन." बस. तो मेल जपून ठेव. कधीकधी असा मेल गेला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'अहो ठेवलीय ना पुढच्या वर्षाला', तेव्हा विरघळू नकोस, पुढचं वर्ष म्हणजे आणखी एक दिवाळी आणि आणखी एक बिल्डर. लेखी द्या म्हण.

हक्काची भीती बाळगू नकोस. फोनवरच्या 'घेतोय'ने तुझी कथा त्यांची होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. दिवाळी अंकाला बाहेरून कथा देणारी तू काही त्यांची नोकर नाहीस, त्यामुळे छापून आलेली कथाही तुझीच, उद्या स्वतःच्या संग्रहात घ्यायची तर घे, मागे 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष दे म्हणजे झालं. ऑडिओ, अनुवाद, एकांकिका, हे सगळं वेगवेगळं असतं आणि कोणी मागितलं तर वेगवेगळं द्यायचं, एका सहीत सगळं नाही.

हे सांगायचं कारण तो 1500 वाला संग्रह. त्यांचा फॉर्म नीट वाच, खाली बारीक अक्षरात 'साहित्याचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असं आहे का बघ, असतं बऱ्याचदा. आणि हिशेब कर, समज चाळीस लेखक घेतले तर साठ हजार रुपये पुस्तक छापायच्या आधी जमा. शिवाय 'प्रत्येकाने किमान दहा प्रती घ्याव्यात' ही अट असेल तर चारशे प्रती तिथेच संपल्या. म्हणजे त्या पुस्तकाला बाहेरचा वाचक लागतच नाही, लेखक हाच गिऱ्हाईक. कथा निवडली जात नाही, पैसे भरले की निवडलीच. वर एक प्रमाणपत्र, एक 'साहित्यभूषण' छाप ट्रॉफी, हॉलमध्ये समारंभ, त्याचे फोटो. तुला त्या समारंभाची हौस असेल तर जरूर जा, 1500 मध्ये एक दिवस मजेत जातो, मी कुणाच्या हौसेला नावं ठेवत नाही. पण कथा विकली गेली असं मात्र समजू नकोस, विकत घेतेयस तू. आठ-दहा मैत्रिणींनी मिळून, खर्चाचा कागद सगळ्यांसमोर ठेवून, सगळ्यांनी सारखे पैसे घालून पुस्तक काढणं वेगळं, त्याला माझी काहीच हरकत नाही.

खरा प्रातिनिधिक संग्रह उलटा चालतो. एक संपादक असतो, त्याचं नाव कव्हरवर असतं, तो आधी छापून आलेल्या कथा वाचून निवडतो आणि मग तुला परवानगी मागायला पत्र येतं, प्रती किती आणि मानधन किती हे त्यात लिहिलेलं असतं, रक्कम किरकोळ असली तरी. तिथे अर्ज करायची सोय सहसा नसते. नॅशनल बुक ट्रस्टने 1993 मध्ये भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला, संपादन बाळ फोंडके यांचं, त्यात मराठी कथा अनुवाद होऊन गेल्या. अशा संग्रहाला कथा कुठून मिळतात? मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून. म्हणजे तुझी ती 'उगाच पाठवलेली' कथा आत्ता बरोबर त्या जागी आहे जिथून कोणी उचलू शकतं, पाच वर्षांनी उचलेल, कधीच उचलणार नाही, सांगता येत नाही. आणि स्वतःचं पुस्तकच काढायचं मनात असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी, तिथे हस्तलिखित तपासलं जातं, वेळ लागतो, नाकारलंही जाऊ शकतं, पण तू पैसे देत नाहीस.

फेसबुकचं. नको, आत्ता नको. बहुतेक अंक 'अप्रकाशित' कथा मागतात आणि फेसबुक, ब्लॉग, 'प्रतिलिपी'सारखं कथांचं अ‍ॅप, अगदी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे सगळं बरेच संपादक प्रकाशित धरतात. एकदा टाकलीस की शंभर लाइक येतील, दोन काकू 'डोळ्यात पाणी आलं' लिहितील आणि ती कथा कुठल्याही अंकाच्या दृष्टीने संपली. छापून आलेली टाकायची तर टाक, पण अंकाची विक्री होऊ दे, संक्रांतीनंतर टाक, संपादकांना विचारून.

एक कथा दोन ठिकाणी एकदम पाठवू का हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. पाठवू नकोस, दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद, हे जग फार छोटं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. पण पाठवतानाच मेलमध्ये तारीख घाल, '15 ऑगस्टपर्यंत कळवलं नाही तर अन्यत्र पाठवेन'. काही जणांना हे उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे. वर्षातून एकदाच येणारी संधी, आणि कथा कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये नोव्हेंबरपर्यंत पडून राहिली तर अख्खं वर्ष तुझं गेलं, त्यांचं काय जातं? आणि फाइल पाठवताना वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठव. तू युनिकोडमध्ये टाइप केलेलं त्यांच्याकडे 'श्रीलिपी' या छपाईच्या फाँटमध्ये बदललं जातं, त्यात 'दुसऱ्या'चा आणि 'कार्यालया'चा पार भुगा होतो, प्रूफ बघणाऱ्याला पीडीएफ समोर असली की ताळा लागतो. नाहीतर 'सूर्य' उगवत नाही आणि वाचक तुला अशुद्ध समजतात.

टोपणनाव. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. पण त्यांची अडचण तुझ्या बरोबर उलटी होती, नाव फार मोठं होतं म्हणून लपवायचं होतं. तुझं नाव अजून कोणाला माहीतच नाही तर लपवून काय करणार? बाई म्हणून कथा परत येते असं मला तरी टेबलावर दिसलं नाही, बाईची कथा न वाचताच 'कौटुंबिक' या गठ्ठ्यात टाकतात हे मात्र दिसलंय, त्यावर टोपणनावापेक्षा कथेचं पहिलं पान जास्त कामाला येतं. तरी घ्यायचंच असेल तर ते फक्त छापायला दे. मेलमध्ये खरं नाव, बँकेत आहे तसंच स्पेलिंग, खाते क्रमांक, आयएफएससी, सगळं स्वच्छ लिही, कारण काही अंक अजूनही मानधनाचा चेक पाठवतात आणि 500 रुपयांचा तो चेक कुठल्या 'श्रीधरपंतां'च्या नावाने आला तर मिरजेच्या बँकेत काउंटरवरचा माणूस तुझ्याकडे बघून जे काही म्हणेल त्याला माझ्याकडे सल्ला नाही.